माझ्या एकटीला ऐकू येतं ते

कानात आवाज येतो असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आत्ता पण येतोय?" हो, आत्ता पण येतोय. तुम्ही बोलताय तेव्हाही येतोय आणि मी उत्तर देतेय तेव्हाही. मग तो माणूस गप्प होतो, मान जरा तिरकी करतो, आणि माझ्या लक्षात येतं की हा माझा आवाज ऐकायचा प्रयत्न करतोय. अगदी शहाणीसुरती माणसंसुद्धा हे करतात. ऐकू येणार नाही हे ठाऊक असतं, तरी कान टवकारतात. आणि काही ऐकू आलं नाही की चेहऱ्यावर सहानुभूती उमटते, तिच्या कडेला चिमूटभर शंका असते.

त्या शंकेनं मला बरीच वर्षं आवाजाहून जास्त छळलं. टिनिटस, म्हणजे बाहेर काही वाजत नसताना कानात येणारा हा आवाज, म्हटलं की झोपमोड, चिडचिड, लक्ष न लागणं हे सगळं येतं, आणि ते खरंच आहे. पण या दुखण्याची मुख्य खोड मला दुसरीच वाटते. ताप थर्मामीटरवर दिसतो, मोडलेलं हाड एक्स-रेवर दिसतं, दाढ दुखली तर निदान गाल तरी सुजतो. इथे दाखवायला काहीच नाही. फिर्यादी मी, साक्षीदार मी, आणि पुरावाही माझ्याच डोक्यात.

माझा आवाज डोक्याच्या साधारण मध्यावर असतो, किंचित डावीकडे कललेला. जुने खोक्यासारखे टीव्ही आठवत असतील, तर आवाज शून्यावर नेऊन नुसता चालू ठेवला की त्यातून एक बारीक शिट्टी यायची. तसलीच, पण जरा खालच्या पट्टीतली. सर्दी झाली किंवा दोन-तीन रात्री धड झोप झाली नाही, तर तिच्याखाली एक घोंगावणंही सुरू होतं. दुसऱ्या कुणाला रातकिडे ऐकू येतात, कुणाला वाफ सुटल्यासारखं वाटतं, कुणाच्या डोक्यात दोन-तीन आवाज एकदम नांदतात. आयुर्वेदातल्या माधवनिदानात कर्णनादाचं जे लक्षण दिलंय, त्यात भेरी, मृदंग आणि शंख यांच्यासारखे नाना स्वर ऐकू येतात असं म्हटलंय. मला त्यातली यादी फार आवडते. हजाराहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी रोग्याला समोर बसवून "नेमकं काय ऐकू येतं?" असं विचारलं असणार आणि त्यानं जे सांगितलं ते खरं मानून टिपून ठेवलं असणार. एवढं तर पुष्कळदा आजही होत नाही.

सुरुवातीला घरी सांगितलं तेव्हा नवऱ्यानं जे केलं ते अजून आठवतं. तो तसा दर गोष्टीची खातरजमा करणारा माणूस. त्यानं आपला कान माझ्या कानाला लावला. रात्रीची वेळ होती, दिवे बंद. "थांब, श्वास रोखून धर," म्हणाला. दोघंही श्वास रोखून, कानाला कान लावून पडून राहिलो. त्याच्या कानाची पाळी गरम लागत होती, आणि ती घासली गेली की माझ्या कानात मोठ्ठी खरखर व्हायची. थोड्या वेळानं तो म्हणाला, "मला माझेच ठोके ऐकू येतायत." मला त्याचे ठोके नाही ऐकू आले, माझी शिट्टी येत होती. मग आम्ही हसलो, तो पाठ फिरवून झोपला, मी जागी राहिले.

यातली गंमत मला फार नंतर कळली. कान खरोखरच आवाज करतो. डेव्हिड केंप या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९७८ साली दाखवून दिलं की आतला कान ध्वनी नुसता घेत नाही, बाहेरही सोडतो. पुष्कळ निरोगी कानांतून तर कसलंही कारण नसताना एखादा अतिबारीक सूर सतत निघत असतो आणि कानाच्या नळीत नाजूक मायक्रोफोन ठेवला की तो पकडता येतो. तान्ह्या बाळांच्या ऐकण्याची जी तपासणी करतात, त्यातली एक पद्धत याच शोधावर उभी आहे: कानात टिकटिक सोडायची आणि आतून उत्तर येतं का ते पाहायचं. पण ज्याच्या कानातून हा सूर निघतो त्याला तो सहसा ऐकूच येत नाही, आणि ज्याला टिनिटस असतो त्याच्या कानातून बहुतेक वेळा त्या जातीचं काहीच बाहेर येत नाही. नवऱ्याची कल्पना वेडी नव्हती. पण ज्या दाराला त्यानं कान लावला होता, त्यामागे आवाज नव्हताच.

मग आवाज असतो कुठे? आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली नळी असते, कॉक्लिया. एकेका कानातल्या कॉक्लियात साधारण १५ हजार केसपेशी असतात. नळीच्या तोंडाशी उंच स्वर टिपणाऱ्या, आत आत जावं तशा खालच्या स्वरांच्या. वय, गोंगाट, काही औषधं यांनी या पेशी मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. पहिला फटका बसतो तो बहुधा उंच स्वरांना. गोंगाटानं बिघडलेल्या कानाच्या आलेखात तर ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डाच दिसतो. आता मेंदूच्या बाजूनं पाहा. एका पट्ट्यातून वर्षानुवर्षं येत असलेली खबर अचानक थांबली किंवा रोडावली. मेंदू तिकडचा आवाज वाढवून ऐकायला बसतो, आणि मग त्याला स्वतःच्याच वायरिंगची खरखर ऐकू यायला लागते. आजवरच्या स्पष्टीकरणांत हे सगळ्यांत जास्त मानलं जातं. ज्या स्वरांचं ऐकणं कमी झालंय, साधारण त्याच पट्ट्यात बहुतेकांची शिट्टी सापडते, हे त्याच्याशी जुळतं. आणखी एक गोष्ट जुळते, आणि ती जरा अंगावर येणारी आहे. श्रवणाच्या नसेवरची गाठ काढताना ज्यांची ती नसच कापावी लागली, त्यांच्यातल्या पुष्कळांचा आवाज नंतरही राहिला. कान पूर्ण गेला आणि शिट्टी मागे उरली.

मला माझ्या शिट्टीचा पहिला साक्षीदार मिळाला तो ऑडिओलॉजिस्टच्या छोट्या खोलीत. आधी नेहमीची तपासणी झाली. जाड दाराची, आतून भोकाभोकांचं अस्तर लावलेली केबिन, हेडफोन, हातात एक बटण. "बीप ऐकू आला की दाबायचं." ही तपासणी टिनिटसवाल्याला कशी छळते हे ज्यानं दिली त्यालाच माहीत. बीप बारीक होत होत माझ्या शिट्टीच्या पातळीला आला की कुठला यंत्राचा आणि कुठला माझा हे कळेना. मी उगाच दाबत सुटले. काचेपलीकडच्या बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी बदललं. मग तुटक तुटक बीप यायला लागले, टुक-टुक-टुक. माझी शिट्टी अखंड होती, त्यामुळे आता फरक लागला. ही साधी युक्ती त्यांना माहीत होती, म्हणजे माझ्याआधी या खुर्चीत माझ्यासारखे बरेच बसून गेले असणार. मला तेवढ्यानंही बरं वाटलं.

आलेख ४००० पासून उतरणीला लागला होता. फार नाही. "वयाच्या मानानं ठीक आहे," असं डॉक्टर नंतर म्हणणारच होते आणि म्हणालेही. पण त्याआधी त्या बाई म्हणाल्या, "तुमचा आवाज जुळवून बघू या का?"

दोन स्वर ऐकवायच्या, एकामागून एक. "यातला जवळचा कुठला?" पहिला. आणखी दोन. दुसरा. वर, थोडं खाली, परत वर. सप्तकाची चूक होऊ नये म्हणून एकदा दुप्पट वारंवारतेचाही ऐकवला, तो स्पष्टच वेगळा होता. करता करता ६००० हर्ट्झच्या आसपास आलो आणि एका क्षणी हेडफोनमधला स्वर आणि माझा स्वर एकमेकांत विरघळले. बाहेरचा कुठला ते मला सांगता येईना. मी हात वर केला. बाईंनी आपल्याकडचा हेडफोन उचलून एका कानाला लावला आणि तोच स्वर स्वतः ऐकला.

"हा? असा? सतत?"

"हो."

त्यांनी कपाळाला आठी घातली. बास, एवढंच झालं. पण इतक्या वर्षांत मी ऐकत होते ते दुसऱ्या कुणी पहिल्यांदाच ऐकलं होतं. मला रडू आलं नाही, उलट एकदम बोलायला सुटले. कधी सुरू झाला, कधी वाढतो, कुठल्या खोलीत नकोसा होतो, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग तोच स्वर हळूहळू मोठा करत माझ्या आवाजाएवढा कधी होतो ते मोजलं.

उत्तर आलं सात. म्हणजे तो स्वर मला जेमतेम ऐकू यायला लागतो, त्याच्यावर फक्त ७ डेसिबल. मला अपमान झाल्यासारखं वाटलं. माझं घर डोक्यावर घेणारा आवाज सात? "बहुतेकांचा एवढाच निघतो," बाई म्हणाल्या, "दहाच्या आतबाहेर. जे कामावर जातात, झोपतात, त्यांचाही. जे नोकरी सोडून घरी बसलेत त्यांचाही." मोजलेला आवाज आणि सोसलेला त्रास यांचा मेळ फारसा बसत नाही, हे टिनिटसच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा आढळलंय. मला तेव्हा ते पटलं नाही. साक्षीदार मिळाला, आणि त्यानं साक्ष दिली ती माझ्याच विरुद्ध!

जाण्याआधी त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. मिनिटभर कानात जरा मोठा, सपाट, पाण्याच्या धबधब्यासारखा आवाज सोडला आणि पटकन बंद केला. आणि काहीच नव्हतं. शिट्टी नव्हती. हाराल्ड फेल्डमान या जर्मन डॉक्टरांनी १९७१ साली हा प्रकार नीट अभ्यासला होता. झाकणारा आवाज बंद केल्यावर काहींचा टिनिटस काही सेकंद, क्वचित त्याहून जास्त वेळ दबलेला राहतो. ते सेकंद माझ्या वाट्याला आले. आणि मी त्यांचं काय केलं? मी शिट्टीची वाट पाहत बसले. गेली का? खरंच गेली? आता येईल. आली नाही अजून. ती धागा ओवल्यासारखी परत आली, तेव्हा मला निराशेबरोबर चक्क सुटल्यासारखं झालं. वाट पाहणं तरी संपलं. माझ्या दुखण्यात आवाजाचा भाग किती आणि पहाऱ्याचा किती, याची पहिली कुणकुण मला तिथे लागली.

साक्षीदाराची ही अडचण शास्त्रज्ञांनाही होतीच. औषध शोधायचं तर आधी प्राण्यांवर करून पाहायचं, आणि उंदराला कसं विचारणार की बाबा, तुझ्या कानात शिट्टी वाजते का? पावेल यास्त्रेबॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली यावर जी शक्कल लढवली ती मला सगळ्या टिनिटस-शास्त्रातली सर्वांत सुंदर वाटते. उंदरांच्या पिंजऱ्यात सतत एक पार्श्वध्वनी चालू ठेवला. अधूनमधून तो बंद व्हायचा आणि त्या शांततेच्या शेवटी पायाला हलका शॉक. तहानलेले उंदीर शिकले: शांतता झाली की काहीतरी वाईट येतं. शांतता होताच ते पाणी चाटायचं थांबवायला लागले. मग काही उंदरांना सॅलिसिलेट दिलं. ॲस्पिरिनच्या कुळातलं हे औषध मोठ्या मात्रेत कान वाजवतं, हे माणसांवरून पूर्वीच ठाऊक होतं. पार्श्वध्वनी बंद झाला, आणि हे उंदीर बाकीच्यांसारखे थबकले नाहीत, पाणी चाटत राहिले. त्यांच्यापुरती शांतता झालीच नव्हती.

त्या उंदरांना न बोलता साक्ष देता आली, आणि माणसानं ती मानली. मला त्यांचा थोडा हेवा वाटतो.

याच यास्त्रेबॉफ यांनी १९९० साली जे मांडलं त्यानं माझ्या सातच्या आकड्याचा उलगडा केला. आवाज तयार होणं ही एक गोष्ट. त्या आवाजाला मेंदूनं धोका म्हणून नोंदवणं ही दुसरी. भीतीची आणि सावधपणाची यंत्रणा एकदा त्याला चिकटली, की मेंदू तो आवाज पुन्हा पुन्हा वर काढून दाखवतो, कारण धोक्याच्या गोष्टी नजरेआड न करणं हे त्याचं कामच. आपण घाबरतो, म्हणून तो दाखवतो, म्हणून आपण आणखी घाबरतो. उलट निरुपद्रवी आणि न बदलणारा आवाज मेंदू बाजूला टाकतो. घड्याळाची टिकटिक, फ्रिजची घरघर आपण दिवसभर ऐकत नाही ती यामुळेच. माझी शिट्टी त्या ढिगात जाऊ शकत होती. पण मी रोज सकाळी डोळे उघडायच्या आत तिची हजेरी घेत होते. कालच्यापेक्षा जास्त आहे का? कमी? डावीकडे सरकली का? शांत खोली दिसली की आत जाऊन "बघू या" म्हणून ऐकायचे. कुणी आवाजाची चौकशी केली नाही तर मीच करायचे.

आणि साक्षीदार नसण्याचा या पहाऱ्याशी थेट संबंध होता, असं आता वाटतं. दुसऱ्या कुणाला दिसत नाही त्या गोष्टीची नोंद मीच ठेवायची, असं मी स्वतःवर लादून घेतलं होतं. मी लक्ष काढून घेतलं तर ती कुणाच्याच लेखी नसेल, म्हणजे मी जे सोसलं तेही नव्हतंच असं होईल. म्हणून बरं वाटलेल्या दिवशीही मी सांगताना त्रास जरा वाढवूनच सांगायचे. लोकांनी "आज बरी दिसतेस" म्हटलेलं मला खपायचं नाही.

१९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या दोघांनी ऐकण्याची काही तक्रार नसलेल्या ८० जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं आणि जे ऐकू येईल ते लिहा म्हणून सांगितलं. खोलीत कसलाही आवाज नव्हता. ९४ टक्के लोकांनी काही ना काही लिहिलं: गुणगुण, सूं, शिट्टी, ठोके. हा प्रयोग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा राग आला होता, म्हणजे सगळ्यांनाच येतो तर माझं काय विशेष, असा. पण त्यातली खरी वाक्यं प्रयोगाच्या सूचनेत आहेत. ऐका आणि लिहा. ऐकायला सांगितलं की ऐकू येतं. मी वर्षानुवर्षं त्या खोलीत बसून लिहीत होते.

(सगळ्यांनाच येतो हे अर्थात खरं नाही. वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्या एकत्र करून २०२२ मध्ये जो हिशोब मांडला गेला, त्यात प्रौढांपैकी सुमारे १४ टक्क्यांना टिनिटसचा अनुभव आणि २ टक्क्यांच्या आसपास लोकांना तीव्र त्रास असं निघालं. तरीही ही माणसं कोट्यवधी होतात. माझ्यासारखी मान तिरकी न करता ऐकून घेणारी.)

रात्रीबद्दल थोडक्यात. पहिली काही वर्षं मी शांतता शोधत होते, दारंखिडक्या लावून, कानात बोळे घालून. बोळ्यांनी शिट्टी ठळक होते आणि बाहेरच्या साध्या आवाजांनाही कान हुळहुळा होतो. गोंगाटात बोळे हवेतच, पण घरात, अंथरुणात ते उलटे पडतात. आता उशाशी पावसाच्या आवाजाचं रेकॉर्डिंग अगदी हळू चालू असतं, शिट्टीपेक्षा जरासंच खाली. शिट्टी पूर्ण झाकायची नाही, असं मला सांगितलं होतं. झाकली तर मेंदूला तिची सवय कशी होणार? नवऱ्याला पहिले काही दिवस तो पाऊस सोसेना. आता तो मी गावाला गेले तरी स्वतःच लावतो.

सल्ल्यांचं मात्र काय सांगावं. दुखणं दिसत नसलं की त्यावर प्रत्येकाचा उपाय चालतो. गिंको बिलोबाच्या गोळ्या, झिंक, मेलाटोनिन, कानात घालायची तेलं. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत गिंको, झिंक आणि मेलाटोनिन यांची शिफारस करू नये असं स्पष्ट लिहिलंय. त्याच सूचनांत ऐकणं कमी असेल तर श्रवणयंत्राचा विचार करावा आणि त्रास होत असेल तर कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी मानसोपचाराची पद्धत, सुचवावी असंही आहे. यातलं एकही शिट्टी घालवायचं वचन देत नाही, म्हणून ते कुणाला आकर्षक वाटत नाही. कानाला मशीन लावल्यावर मला पानांची सळसळ आणि कागदाचा आवाज परत मिळाला, आणि मेंदूला चघळायला काहीतरी मिळाल्यामुळे असेल, दिवसा शिट्टी मागे सरकली. थेरपीत तर आवाजाबद्दल फारसं बोलणंच झालं नाही. "हा आवाज आहे म्हणजे काय काय होणार असं तुम्हाला वाटतं?" असं विचारून त्यांनी मला ते लिहायला लावलं. यादी लिहिताना माझी मलाच लाज वाटली, इतकी ती लांबत गेली. शेवटच्या ओळीत मी बहिरी आणि वेडी दोन्ही झाले होते.

एक गोष्ट मात्र कुणीही अंगावर काढू नये. आवाज एकाच कानात असेल, किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, किंवा चक्कर येत असेल, तर तपासणी नीट करून घ्यायची, त्यामागे दुसरं कारण असू शकतं. आणि एका कानाचं ऐकणं अचानक गेलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. "बघू चार दिवस" म्हणण्यात औषधाचा उपयोग होण्याची वेळ निघून जाते.

सल्ल्यांमधला सर्वांत अवघड होता काकांचा. ते ध्यानधारणा करणारे, मनानं निर्मळ. माझं ऐकून त्यांचे डोळे चमकले. "अगं, हा अनाहत नाद! लोक आयुष्यभर साधना करतात, तुला आपसूक मिळाला." हठयोगात नादानुसंधान आहे, आणि त्यात साधकाला ऐकू येणाऱ्या नादांमध्ये भेरी आणि शंख आहेतच, पुढे वेणू, वीणा आणि भ्रमरही आहेत. वैद्यांची यादी आणि योग्यांची यादी इतकी शेजारी शेजारी आहे! काकांना काय सांगणार होते? साधक तो नाद ऐकायला बसतो आणि हवं तेव्हा उठतो. मला उठता येत नव्हतं. पण त्यांच्या बोलण्यातली एक गोष्ट मनात राहिली. माझा आवाज त्यांनी ऐकायचा प्रयत्न केला नाही. मान तिरकी केली नाही. तो आहे हे त्यांनी पहिल्या वाक्यात धरून टाकलं आणि पुढे बोलले. चुकीच्या निष्कर्षाला का होईना, माझी साक्ष त्यांनी बिनशर्त मानली होती.

बेडरिख स्मेताना या चेक संगीतकाराला १८७४ मध्ये बहिरेपण आलं, आणि त्याच्या आधीपासून कानात आवाज. १८७६ साली त्यानं दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो यांच्यासाठी स्वतःच्या आयुष्यावर रचना केली. शेवटच्या भागात नाच रंगात आलेला असताना सगळं एकाएकी थांबतं, खाली तिघं थरथरत राहतात आणि पहिलं व्हायोलिन एक अतिशय उंच स्वर लावून तो धरून ठेवतं. तो त्याच्या कानातला स्वर. मी हे ऐकलं तेव्हा दचकले, दुःखानं नव्हे. या माणसानं सभागृह भरून साक्षीदार उभे केले! दर वेळी ही रचना कुठेतरी वाजते तेव्हा तिकीट काढून आलेली, धडधाकट कानांची माणसं त्याचा टिनिटस ऐकत बसतात. बेथोव्हेननंही १८०१ मध्ये मित्राला लिहिलेल्या पत्रात कान रात्रंदिवस गुणगुणतात असं कळवलं होतं, पण ते कळवणं झालं. स्मेतानानं ऐकवलं.

माझी शिट्टी आजही आहे. हे लिहिताना आहे, कारण तिच्याबद्दल लिहितेय. काल दुपारी होती का, ते मला सांगता येणार नाही. असणारच म्हणा. पण नोंद नाही. वाईट दिवस येतात, आजारपणात तर सलग येतात, आणि त्या दिवसांत वर लिहिलेलं सगळं शहाणपण काही कामाला येत नाही. पाऊस लावून पडून राहते.

परवा एका जुन्या मैत्रिणीचा फोन आला. तिला नुकताच सुरू झालाय. आवाज रडवेला. "जातो का गं?" बहुतेकांचा पूर्ण जात नाही, हे मी सांगितलं. तपासणी कुठली करून घ्यायची ते सांगितलं. "आत्ता पण येतोय" हेही तिनं मी न विचारता सांगितलं, आणि मी पुढचा प्रश्न विचारला, "कसला येतो?" ती सांगायला लागली, पण शब्द सापडेनात. मग म्हणाली, थांब, मोबाइलवर स्वर काढायचं ॲप घेतलंय, आठ हजारला जुळतो, तुला ऐकवते. तिनं तो दुसऱ्या मोबाइलवर लावून फोनजवळ धरला.

"ऐकू आला?"

काहीच नाही. जुन्या टेलिफोनवरून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा, कारण बोलणं समजायला तेवढा पुरतो. आताचे फोन त्याहून रुंद पट्टा नेतात, पण एकसारखा चालणारा आवाज दिसला की त्याला गोंगाट समजून गाळून टाकायला बसलेले असतात. मी तिला हे समजावून सांगितलं.

"म्हणजे फोनलासुद्धा पटत नाही," ती म्हणाली. "रविवारी येते तुझ्याकडे. समोर बसून ऐकवीन."

"ये. पण आठ हजारला माझेही कान यथातथाच आहेत."

पलीकडे दोन क्षण काही नव्हतं, मग ती खो खो हसायला लागली. "मग मोठ्यानं लावू की!"

"मोठ्यानं अजिबात नको," मी म्हटलं.